टॅसिट म्हणजे मूक, मग माझं वाक्य कुठे चुकलं?

सुमेधा_वाचते:
परीक्षेसाठी रोज १० इंग्रजी शब्द पाठ करते. वहीत लिहिलेलं: टॅसिट = मूक. त्यावरून निबंधात वाक्य केलं, ‘माय फादर इज अ टॅसिट मॅन.’ बाबा खरंच अगदी मोजकं बोलतात. सरांनी शब्दाभोवती लाल गोल काढून समासात एवढंच लिहिलं: ‘माणसाला लागत नाही.’ का लागत नाही? कालपासून डोक्यात तेच घोळतंय.

पानोपानी:
ताई, अर्थ बरोबर, जोडी चुकली. टॅसिट सहसा संमती, समजूत, ज्ञान यांना लागतं. आपली ‘मूकसंमती’ आहे ना, त्यातला ‘मूक’ म्हणजे टॅसिट. अबोल माणूस तो टॅसिटर्न. दोन्ही शब्द लॅटिन ‘टाकेरे’, म्हणजे गप्प राहणे, यातून आलेत, म्हणून घोटाळा होतो. शब्द एकटा पाठ करू नका, त्याच्या सोबत्यासकट करा.

रात्रपाळी:
‘टॅसिट नॉलेज’ ही कल्पना मायकल पोलानी या विचारवंताने मांडली. जे येतं, पण सांगता येत नाही, ते. लेकीला सायकल शिकवताना मला ती पुरती पटली. मागून धावत ‘तोल सांभाळ, तोल सांभाळ’ ओरडत होतो. तिने थांबून विचारलं, ‘कसा?’ इतकी वर्षं सायकल चालवतोय, पण उत्तर देता येईना.

सुमेधा_वाचते:
मग इम्प्लिसिट वेगळं कसं? तेही न बोललेलंच ना?

पानोपानी:
बरेचदा एकमेकांच्या जागी चालतात. पण इम्प्लिसिटच्या मुळाशी ‘प्लिकारे’ आहे, घडी घालणे. बोललेल्या शब्दांच्या घडीत अर्थ राहतो; घडी उलगडली की एक्सप्लिसिट. ‘लेकी बोले सुने लागे’ घ्या. शब्द लेकीला, घडीतला अर्थ सुनेला. सासू इम्प्लाय करते, म्हणजे सुचवते; सून इन्फर करते, म्हणजे ताडते. या दोन क्रियापदांची अदलाबदल भलेभले करतात, तेवढं जपा. टॅसिटला मात्र शब्दच लागत नाहीत.

सुमेधा_वाचते:
आता लख्ख कळलं. नोकरी सोडून अभ्यास करणार म्हटलं, तेव्हा बाबा काहीच बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वाचायचा नवा दिवा होता, वायर भिंतीला नीट ठोकून दिलेली. वाक्य असं केलंय: ‘माय टॅसिटर्न फादर गेव्ह मी हिज टॅसिट अप्रूव्हल.’ चालेल?

पानोपानी:
चालेल. पुढच्या वाक्यात तो दिवाही येऊ द्या.