ऑलिम्पिक पदकाविना थोर? अ‍ॅनेट सेर्जाँ आणि फ्रान्सच्या लांब पल्ल्याच्या धावपटू

रानवाट

मॅरेथॉनच्या धाग्यावर परवा एकांनी लिहिलं की फ्रान्सला लांब पल्ल्याची थोर महिला धावपटू कधी लाभलीच नाही, कारण ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर आणि त्यापुढच्या एकाही शर्यतीत फ्रेंच बाईला पदक नाही. पदकांची गोष्ट खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. अ‍ॅनेट सेर्जाँ ही फ्रान्सची आजवरची सर्वश्रेष्ठ लांब पल्ल्याची धावपटू. तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, ते एवढ्याचसाठी की तिची मोठी यशं क्रॉस कंट्रीतली, म्हणजे ट्रॅक सोडून माळरान-चिखलातून धावायच्या शर्यतीतली आहेत आणि क्रॉस कंट्री ऑलिम्पिकमध्ये नाही.

जन्म नोव्हेंबर 1962, शांबेरी, म्हणजे आल्प्सच्या पायथ्याचा साव्हुआ प्रांत. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत तिची ओळीने चार वर्षं बघा. 1986 ला स्वित्झर्लंडमध्ये कांस्य, 1987 ला वॉर्सात सुवर्ण, 1988 ला ऑकलंडला कांस्य, 1989 ला नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला पुन्हा सुवर्ण. ही स्पर्धा या स्वरूपात 1973 साली सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत वरिष्ठ गटात वैयक्तिक विजेतेपद मिळवणारी फ्रान्सची ती एकटीच आहे, आणि यात मी पुरुषही धरतोय. क्रॉसवर इतकं प्रेम करणाऱ्या देशात!

आता 1987 च्या शर्यतीत तिच्या मागे कोण होतं ते सांगतो. दुसरी आली स्कॉटलंडची लिझ लिंच. ही नंतर लिझ मॅकॉल्गन झाली, सोलला 10,000 मीटरचं रौप्य घेतलं आणि 1991 ला टोकियोत जगज्जेती ठरली. तिसरी इंग्रिड क्रिस्टियानसेन. त्या दिवशी क्रिस्टियानसेनच्या नावावर 5000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन असे तिन्ही जागतिक विक्रम होते. तिन्ही एकदम! त्याच वर्षी पुढे रोममध्ये ती 10,000 मीटरची पहिली जगज्जेती झाली. तिला सरळ शर्यतीत मागे टाकणाऱ्या बाईला थोर म्हणायला आणखी काय हवं?

खडीसाखर

रानवाट, तुमची कळकळ पोचली, पण असहमत.

पहिला मुद्दा, 1987 ची ती शर्यत जेमतेम पाच किलोमीटरची होती. 1989 ची सहा. त्याला लांब पल्ला म्हणायचं तर मग मॅरेथॉनला काय म्हणायचं? दुसरा, 1985 आणि 1986 ची विजेती झोला बड सेर्जाँच्या दोन्ही विजयांच्या वेळी मैदानात नव्हती. ती होती तेव्हा, 1986 ला, सेर्जाँ तिसरी आली. तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1990 ची जागतिक स्पर्धा एक्स-ले-बांला झाली, म्हणजे शांबेरीच्या अगदी शेजारी. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आदल्या वर्षीचं विजेतेपद. जिंकली अमेरिकेची लिन जेनिंग्ज, मागे पोर्तुगालची आल्बर्टिना दियाश आणि सोव्हिएत संघाची येलेना रोमानोव्हा. पहिल्या तिघींत सेर्जाँ नाही.

माझ्या मते फ्रान्सची सर्वश्रेष्ठ क्रिस्टेल दोने. झुरिच, ऑगस्ट 2014, युरोपियन मॅरेथॉनचं सुवर्ण, 2 तास 25 मिनिटं 14 सेकंद, स्पर्धेचा विक्रम. वय 39! मागे इटलीची व्हॅलेरिया स्ट्रानिओ होती आणि तीही शेवटपर्यंत हटली नव्हती.

मोरपिशी

दोनेबद्दल थोडी भर घालते, कारण तिची कहाणी मला मनापासून आवडते. ती ल मॉंची. पेशाने फिजिओथेरपिस्ट. मॅरेथॉनकडे वळली ती तिशी ओलांडल्यावर. 2009 च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये तिसरी आली. पहिली आलेली देरार्तू तुलू 10,000 मीटरची दोनदा ऑलिम्पिक विजेती, आणि दोनेच्या मागे चौथ्या स्थानावर कोण? तर तेव्हाची मॅरेथॉन विश्वविक्रमवीर पॉला रॅडक्लिफ! मग एप्रिल 2010 ला पॅरिसमध्ये 2:24:22 चा राष्ट्रीय विक्रम केला. तेव्हा ती 35 वर्षांची होती. हा विक्रम मोडायला फेब्रुवारी 2024 उजाडावं लागलं. मेलिन रोलांने सेव्हियाला तो मोडला, तोही अवघ्या 10 सेकंदांनी. जवळपास 14 वर्षं एका देशातल्या सगळ्या पोरी त्या आकड्याचा पाठलाग करत होत्या.

याच्याशी सेर्जाँची तुलना कशी करायची? क्रॉसमध्ये वेळेला अर्थच नसतो. कुठे चिखल, कुठे चढ, कुठे सपाट रेसकोर्स. मागे काही मोजण्याजोगं उरतच नाही.

रानवाट

@मोरपिशी, वेळेला अर्थ नसतो म्हणून तर क्रॉस मला जास्त खरी शर्यत वाटते. पेसमेकर (ठरलेला वेग राखून देणारे धावपटू) नाहीत, घड्याळाकडे बघून धावणं नाही. समोरच्या बाईला हरवायचं, एवढंच. शिवाय 1500 मीटरवाल्या, 10,000 वाल्या, मॅरेथॉनवाल्या सगळ्या एकाच रेषेवर उभ्या असतात. ऑलिम्पिकमध्ये त्या तीन-चार शर्यतींत वाटल्या जातात आणि एका देशाच्या फार तर तिघी असतात. क्रॉसमध्ये एकेका देशाच्या सहा-सहा जणी. म्हणून अनेक जुने प्रशिक्षक या शर्यतीला ऑलिम्पिक फायनलपेक्षा अवघड मानत आले.

@खडीसाखर, पाच किलोमीटरचा मुद्दा मला लागला, कारण तो त्या बायकांवर अन्यायच आहे. अंतर त्यांनी ठरवलं नव्हतं. त्याच दिवशी पुरुष 12 किलोमीटर धावत होते आणि बायकांना पाच दिले गेले. पुरुष आणि महिलांना सारखं 10 किलोमीटर अंतर मिळालं थेट 2017 ला, कंपालाच्या स्पर्धेत. ट्रॅकवरही तीच तऱ्हा. ऑलिम्पिकमध्ये बायकांना 3000 मीटर आणि मॅरेथॉन मिळाली 1984 ला, 10,000 मीटर 1988 ला आणि 5000 मीटर 1996 ला. सेर्जाँ ऐन भरात होती तेव्हा 5000 मीटर हा तिच्या ताकदीचा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. जी शर्यत भरवलीच नाही तिचं पदक नाही म्हणून बाईला खाली बसवायचं?

झोला बडबद्दल म्हणाल तर जी आली नाही तिला हरवता येत नाही. एक्स-ले-बांचं मात्र मान्य, तिथे ती हरली.

खडीसाखर

अंतर त्यांनी ठरवलं नव्हतं हे कबूल, आणि ते चूकच होतं. पण आपण इथे अन्यायाची भरपाई करत नाही आहोत, कामगिरी तोलतोय. जे धावलं गेलं तेच तोलता येतं.

दुसरं, त्या काळातल्या मैदानात कोण नव्हतं तेही बघा. पुरुषांत तेव्हा केनियाचा जॉन एनगुगी 1986 पासून ओळीने चार वर्षं जिंकत होता. बायकांत केनिया-इथिओपियाचा जोर यायचा होता. हेलेन चेपन्गेनो 1994 ला जिंकली तेव्हा कुठे केनियाला महिलांचं पहिलं वैयक्तिक विजेतेपद मिळालं. त्यानंतर युरोपच्या बाईला ही शर्यत जिंकायला आयर्लंडची सोनिया ओ'सुलिव्हन किंवा रॅडक्लिफ व्हावं लागलं. सेर्जाँ दहा वर्षांनी जन्मली असती तर दोन सुवर्णं मिळाली असती का? मला शंका आहे.

धुक्यातली_पायवाट

खडीसाखर, मग हाच नियम दोनेला लावा की. युरोपियन स्पर्धेत केनिया-इथिओपिया येतच नाहीत! 2014 चं सुवर्ण हे फक्त एका खंडातलं. सेर्जाँचं किताबापुरतं तरी सगळं जग होतं.

खडीसाखर

@धुक्यातली_पायवाट, बरोबर पकडलंत. म्हणूनच दोनेच्या बाजूने मी झुरिचइतकंच वजन न्यूयॉर्क 2009 ला देईन. तिथे तुलू होती, रॅडक्लिफ होती, आणि ही तिसरी.

शेवटचा_लॅप

माझं मत तिसरंच आहे. तुम्ही सगळे अलिस फिनोला विसरताय.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकची 3000 मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायची शर्यत) पाहिली असेल तर सांगावं लागणार नाही. 8:58.67, युरोपियन विक्रम, चौथं स्थान. त्याआधी जूनमध्ये रोमला युरोपियन सुवर्ण. ही बाई इंजिनिअर आहे आणि राहते, सराव करते स्पेनमध्ये. नऊ मिनिटांच्या आत आले तर मित्राला लग्नाची मागणी घालीन असं तिने मनाशी ठरवलं होतं आणि शर्यत संपल्यावर तिथेच घातली. मी ती शर्यत उभा राहून बघितली. पदक हुकलं तरी आफ्रिकी धावपटूंच्या खांद्याला खांदा लावून ऑलिम्पिक फायनलमध्ये इतकी पुढे आलेली फ्रेंच बाई मला तरी दुसरी आठवत नाही. खडीसाखर यांची काळाची कसोटी लावायची तर तिला उतरणारी फिनोच आहे.

मोरपिशी

फिनोची शर्यत अप्रतिमच. पण ती एक संध्याकाळ आहे, कारकीर्द अजून घडतेय. अजून पाच वर्षांनी बोलू.

उंबरठा

कुणी क्लेमांस काल्वांचं नाव काढलं नाही याचं नवल वाटलं, म्हणून काढतो. 2014 ला झुरिचमध्ये 10,000 मीटरचं युरोपियन रौप्य, ब्रिटनच्या 40 वर्षांच्या जो पेव्हीच्या मागे. 2018 ला बर्लिनला युरोपियन मॅरेथॉनचं रौप्य, सुवर्णापासून फक्त सहा सेकंद दूर. एप्रिल 2019 ला पॅरिसमध्ये 2:23:41, म्हणजे दोनेच्या विक्रमापेक्षा 41 सेकंद कमी. निव्वळ गुणवत्तेने बघितलं तर हीच सर्वांत पुढे होती.

मोरपिशी

उंबरठा, अर्धीच गोष्ट सांगू नका. त्या पॅरिस मॅरेथॉनच्या आधी मार्चमध्ये माराकेशला फ्रेंच उत्तेजकविरोधी संस्थेचे लोक चाचणीला गेले होते आणि तिने ती चुकवली असा ठपका आला. तिने तो नाकारला, त्या लोकांनी आपल्याशी दांडगाई केली असं सांगितलं. पॅरिसला ती धावू शकली कारण तात्पुरती बंदी तेवढ्यापुरती उठवली गेली होती. वर्षअखेर चार वर्षांची बंदी आली आणि पॅरिसचा आकडा रद्द झाला. म्हणून तर दोनेचा विक्रम 2024 पर्यंत टिकला.

उंबरठा

हे मला माहीत आहे. पण तिच्या नमुन्यात त्या प्रकरणात काही सापडलं म्हणून बंदी नव्हती, चाचणी चुकवली म्हणून होती. आणि 2014, 2018 ची रौप्यपदकं तिच्याकडेच आहेत.

मोरपिशी

चाचणी चुकवण्याला तेवढीच कडक शिक्षा असायलाच हवी. नाहीतर ज्याला लपवायचं आहे तो दार उघडणारच नाही. नमुना दिला नाही म्हणून नमुना स्वच्छ, हा तर्क मला झेपत नाही. पदकं कागदावर आहेत, ती मी काढून घेत नाही. पण सर्वश्रेष्ठ कोण या प्रश्नात तिचं नाव मी घेणार नाही. दोने दवाखान्यातली नोकरी सांभाळत पस्तिशीत जे धावली, त्या शेजारी तर मुळीच नाही.

धुक्यातली_पायवाट

+1 मोरपिशी.

जरा वेगळं. क्रॉस ऑलिम्पिकमधून गेली कशी हे बऱ्याच जणांना माहीत नसेल, आणि त्याचं मूळ फ्रान्समध्येच आहे. 1924 चं पॅरिस ऑलिम्पिक, कोलोंबचं मैदान, जुलैतलं भयंकर ऊन. 38 पुरुष निघाले, 15 पोचले. पाव्हो नुर्मी आरामात जिंकला, पण मागे लोक भोवळ येऊन पडत होते. त्यानंतर क्रॉस कायमची बाद. पुढे 2024 च्या पॅरिससाठी मिश्र क्रॉस रिलेचा प्रस्ताव जागतिक महासंघाने मांडला होता, ऑलिम्पिक समितीने नाकारला. म्हणजे एका दुपारच्या उन्हाची किंमत शंभर वर्षं मोजली जातेय, आणि ती सेर्जाँसारखीला मोजावी लागली.

शेवटचा_लॅप

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. तरी एक विचारतो. सेर्जाँ ट्रॅकवर एवढी कमी का दिसते? खरी ताकद असेल तर ती चिखलाबाहेरही दिसायला हवी.

रानवाट

दिसली आहे. 1990, स्प्लिट, युरोपियन स्पर्धा, 10,000 मीटर कांस्य. सुवर्ण रोमानोव्हाचं, रौप्य पूर्व जर्मनीच्या काथ्रिन उलरिशचं. एक्स-ले-बांला हरली म्हणून खडीसाखर यांनी जे वर्ष तिच्याविरुद्ध मांडलं, त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात, 25 फेऱ्यांच्या शर्यतीत. मार्चमध्ये घरच्या लोकांसमोर पोडियम हुकल्यावर ऑगस्टमध्ये ट्रॅकवर पदक घ्यायला काय लागतं याचा विचार करा.

खडीसाखर

हे कांस्य माझ्या हिशोबातून सुटलं होतं. त्याने सेर्जाँ माझ्या यादीत नक्कीच वर सरकली, फिनोच्या वर. दोनेच्या वर मात्र नाही. 42 किलोमीटर हा निराळा प्रांत आहे, आणि तिथे सेर्जाँचं मोठं असं काही नाही.

रानवाट

तर मग आपला मतभेद अंतराचा उरला. तुमच्या लेखी लांब पल्ला मॅरेथॉनला सुरू होतो, माझ्या लेखी 3000 मीटरला. तुमच्या व्याख्येत दोने, यावर माझी हरकत नाही. माझ्या व्याख्येत क्रिस्टियानसेनला हरवणारी सेर्जाँ, आणि तिथून मी हलणार नाही.

मोरपिशी

मी दोनेच्या बाजूने. पण 1987 च्या वॉर्साच्या शर्यतीचं चित्रण कुणाकडे असेल तर दुवा द्या, क्रिस्टियानसेन कुठे मागे पडली ते बघायचंय.