मदत हवी आहे: ७६ वर्षांच्या बाबांना लोणारच्या पाण्यापर्यंत नेता येईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारं. कपाशीचा पहिला वेचा झाला की बाबांना दोन दिवस लोणारला न्यायचं आहे. उजवा गुडघा गेलाय. सपाटीवर काठीच्या आधाराने अर्धा किलोमीटर चालतात, पायऱ्या मात्र एकेक करत.

जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात लोणार आहे. रंगाचं त्यांना विशेष वाटलं नाही. पाणी आटून खारेपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, एवढं मी सांगितलं. त्यांनी धरून ठेवलं ते दुसरंच: तळं खारं आणि वरच्या धारेचं, म्हणजे तिथल्या झऱ्याचं, पाणी गोड. सारी हयात खाऱ्या विहिरीशी झगडण्यात गेली. ते पाणी पिकाला द्यावं तर जमीन चोपण (क्षारांनी घट्ट, नापीक) होते, न द्यावं तर पऱ्हाटी वाळते. म्हणतात, "एकाच गड्ड्यात खारं अन् गोड पाणी कसं राह्यते, मले हातात घेऊन पाहाचं हाय."

उल्का आदळून बसाल्ट खडकात १.८ किलोमीटर रुंद विवर पडलं, त्यातल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी उडवतं आणि क्षार मागे राहतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही इतक्या पटकन समजलं. आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, क्षारांचं पांढरं फुटतं ते रोज पाहतात ना.

काठापासून तळं १३० मीटरहून जास्त खाली आहे. उतरतील कदाचित, पण चढताना काय? वरून दाखवून परत आणायला माझं मन घेत नाही. पंचाहत्तरी पार असल्याने एसटीत त्यांचं तिकीट फुकट, म्हणून अकोला–मेहकर असं एसटीनेच जायचं म्हणतात. कुणी म्हाताऱ्या माणसांना नेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: मी आईला नेलं होतं. तळ्यापर्यंतचा हट्ट करू नका. खाली काठाशी चिखल असतो, वासही येतो. धारेवरही थोड्या पायऱ्या आहेत, पण तिथवर हात धरून जमेल. सकाळी लवकर जा. मुक्काम विवराजवळच केलात तर काठावरून तळं निवांत दिसतं. दैत्यसूदनाचं देऊळ गावातच आहे, ते चुकवू नका. विष्णूने लवणासुराला मारलं ती कथा तिथलीच. आणि अभयारण्य आहे, तळ्याचं पाणी बाटलीत भरून आणायचा विचार करू नका.

धागाकर्ता: मनापासून आभार. बाटलीचाच विचार होता, तो सोडला. बाबांना वाचून दाखवलं. धारेवर थांबायला तयार आहेत, पण म्हणतात, तू खाली जाऊन बोट बुडवून जिभेला लाव आणि आपल्या विहिरीपेक्षा किती खारं ते मला सांग. हे पाणी बरंच अल्कधर्मी आहे, पीएच दहाच्या आसपास. जिभेला लावलेलं चालेल का? मला त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही.