गाडीची कामं घरी: कोकणात पैसे वाचतात की वाढतात? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खाडीकाठ

वॉरंटी संपलेली, आठ-दहा वर्षांची छोटी पेट्रोल गाडी धरा. वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटर, निम्मं बाजारात, निम्मं घाटात. अशा गाडीचं ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी, वायपर आणि पुढचे ब्रेक पॅड यांसाठी गॅरेजची पायरी चढायची गरज नाही, असं माझं मत आहे.

इंजिनात साडेतीन लिटरच्या आतबाहेर ऑइल मावतं. कॅन, फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशर मिळून साधारण दोन हजारांत भागतं. सर्व्हिस सेंटरच्या बिलात याच तीन वस्तूंखाली इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण अशा ओळी येतात आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी. केबिन फिल्टरचा तर विनोदच आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडायचा, मागचं झाकण काढायचं, जुना फिल्टर ओढायचा, नवा बाणाची दिशा बघून सरकवायचा. पाच मिनिटं. त्याची मजुरी देणं म्हणजे घरच्या विळीवर नारळ खवायला माणूस बोलावणं.

ऑइलची पद्धत: इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, तापवू नका. खालचा ड्रेन प्लग काढून पंधरा मिनिटं निथळू द्या. नव्या फिल्टरच्या रबराला बोटभर नवं ऑइल लावा, रबर टेकलं की हातानेच पाऊण फेरा. ड्रेन प्लगला नवा वॉशर. आधी तीन लिटर भरा, मिनिटभर इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघत उरलेलं घाला. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक त्यात फिरून फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

भोस्तेचढ

पद्धत बरोबर, हिशोब चूक. हत्यारं धरलीच नाहीत. दोन जॅक स्टँड, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा), गोटीसेट, फिल्टर पाना, ट्रे. स्वस्तातलं घेतलं तरी सहा-सात हजार. आणि तुलना सर्व्हिस सेंटरशी कशाला? नाक्यावरचा मेस्त्री तुम्ही नेलेलं ऑइल दोन-तीनशे रुपयांत बदलून देतो. म्हणजे वर्षाला तीनशे वाचवायला सहा हजारांची हत्यारं, ज्यांना दोन पावसाळ्यांत तांब चढणार.

आता चुकतं कुठे ते. ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, बऱ्याच गाड्यांत अॅल्युमिनियमचा असतो आणि प्लग पोलादी. घरी काम करणारा माणूस गळती नको म्हणून पाना लांब धरून आवळतो. छोट्या इंजिनांत हा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बहुधा ३० ते ४० न्यूटन-मीटरच्या घरात असतो. गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा असतो, तो कोणी बघत नाही. त्या वेळी काही कळत नाही. पुढच्या वेळी प्लग काढताना अॅल्युमिनियमचे आटे चुऱ्यासारखे प्लगबरोबर बाहेर येतात. मग नवे आटे बसवा नाहीतर संप बदला. दुसरी चूक म्हणजे जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहतं, त्यावरच नवा फिल्टर चढतो. दोन रबरं एकावर एक. इंजिन सुरू केलं की दाबाने मिनिटात सगळं ऑइल अंगणात.

आणि एक गोष्ट फक्त आपल्याकडे होते, ती जिवावरची आहे. जॅक स्टँड नाही म्हणून लोक अंगणातले जांभ्याचे चिरे रचून त्यावर गाडी टेकवतात. जांभा घरासाठी ठीक, एका टोकावर गाडीचं वजन आलं तर तो कसलीही सूचना न देता फुटतो. ओला असेल तर आणखी लवकर. चिऱ्यावर टेकवलेल्या गाडीखाली डोकं घालू नये, एवढं ऐकलंत तरी पुरे.

सुरूचं बन

तुम्ही दोघं चुकीच्या कामावरून भांडताय. या किनाऱ्यावर गाडीमालकाचे पैसे ऑइलच्या मजुरीत जात नाहीत. ते पाण्यात, मिठात आणि पाल्यात जातात. या कामांना हत्यार जवळजवळ लागत नाही, आणि गॅरेजवाला ती करतही नाही, कारण त्यात बिल होत नाही.

पहिलं: पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जाळी असते. तिच्याखाली पन्हळीसारखी जागा आणि दोन्ही टोकांना निचऱ्याची भोकं. आंब्याखाली किंवा सुरूच्या बनाजवळ उभी राहणारी गाडी मे अखेरीला उघडून बघा: सुरूच्या काड्या, मोहोराचा चुरा, त्यावर लाल माती, सगळं मिळून शेणकुटासारखा थर झालेला असतो. भोकं बंद, जूनमध्ये पाणी चढतं आणि एसीच्या ब्लोअरमधून डाव्या सीटच्या पायाखालच्या गालिच्यात उतरतं. लोकांना वाटतं काचेचं रबर गेलं. काच काढून बसवण्याचे पैसे देतात आणि पाणी येतच राहतं. हाताने पाला काढा, मग तांब्याभर पाणी ओतून पुढच्या दोन्ही चाकांच्या मागे ते खाली पडतं का बघा. एका बाजूने पडत नसेल तर मऊ वायर किंवा माडाचा हीर घाला.

दुसरं: दरवाज्याच्या खालच्या कडेला दोन-तीन चिरा असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. लाल धुळीने त्या बुजल्या की दरवाजा हलवल्यावर माठासारखा खळखळ आवाज येतो. गंज आतून सुरू होतो. बाहेर रंगाला फोड दिसला तेव्हा पत्रा गेलेला असतो. टूथपिक पुरते, आणि डेंटिंग-पेंटिंगचे हजारो वाचतात.

तिसरं: पुळणीवर गाडी घातली असेल तर त्याच दिवशी खालून धुवा. चाकांच्या कमानीच्या आतला भाग, सायलेन्सरच्या कड्या, मागच्या अॅक्सलचा वरचा भाग. पाणी गोडं हवं. किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीच्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. त्याच कारणाने रेडिएटरमध्येही विहिरीचं पाणी घालू नका. कूलंट तयार मिश्रणाचं घ्या, नाहीतर घट्ट कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं.

आंबराई

एवढं कशाला? पावसाआधी गाडीखाली वापरलेलं काळं ऑइल मारायचं, गंज जवळ येत नाही. गावात जीपला वर्षानुवर्षं हेच करतात. फुकटात काम.

सुरूचं बन

जीपखाली रबर किती आणि आजच्या गाडीखाली किती ते मोजा. कंट्रोल आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), स्टॅबिलायझरचे बुश, अॅक्सलचे बूट, ब्रेकचे होस. साधं रबर खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. बुश गेला की खड्ड्यात खडखड सुरू होते आणि टायर एका कडेने झिजतात. वापरलेलं ऑइल स्वतः आम्लयुक्त असतं, सायलेन्सरवर पडलं तर धुमसतं, डिस्कवर उडालं तर पॅड गेले. आणि जुलैत ते धुऊन जातं कुठे? उताराने खालच्या विहिरीकडे.

करायचंच तर मे महिन्यात करा. गोड्या पाण्याने धुवून दोन-तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवा. सुटा गंज वायर ब्रशने काढा, उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर, त्यावर झिंक प्रायमर, मग रंग किंवा मेणाचं कोटिंग. रबरी काळं कोटिंग गंजावरच थापलं तर ओल आत कोंडते. वरून गाडी नवी दिसते, आत पापुद्रे सुटत जातात. विकत घेतलेल्या जुन्या गाडीखाली ताजं काळं कोटिंग दिसलं तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा.

घाटउतार

खाडीकाठ यांच्या यादीतले ब्रेक पॅड मला मान्य नाहीत. आंबा घाट, करूळ, आंबोली ज्याच्या रोजच्या रस्त्यात आहे त्याने यूट्यूब बघून ब्रेक उघडू नये. काम सोपं दिसतं हाच धोका. पॅड पुढे-मागे बसवले, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ब्रेकच्या होसला, म्हणजे नळीला, लोंबकळत ठेवला, पिनला साधं ग्रीस फासलं, आणि सर्वांत वाईट म्हणजे गाडी बाहेर काढण्याआधी पॅडल दाबलं नाही. पॅडला ढकलणारा पिस्टन मागे सारलेला असतो. पहिलं पॅडल थेट जमिनीला टेकतं. अंगण उताराचं आणि खाली रस्ता, म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या घरांची स्थिती.

खाडीकाठ

यातली प्रत्येक चूक टाळता येते, आणि गॅरेजमधला पोऱ्याही याच चुका करतो. क्रम सांगतो. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पाचरी, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल, मग जॅक, मग स्टँड. ब्रेक ऑइलच्या बाटलीची पातळी बघा; वरपर्यंत असेल तर सिरिंजने थोडं काढा, कारण पिस्टन मागे गेला की ते चढतं आणि सांडलं तर रंग खातं. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उलटा, काढावाच लागला तर तारेने स्प्रिंगला बांधा. जुना पॅड पिस्टनवर धरून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. एका अॅक्सलचे दोन्ही बाजूंचे पॅड एकदम बदला. शेवटी इंजिन बंद ठेवून पॅडल घट्ट होईपर्यंत दाबा.

समुद्राजवळच्या गाडीत खरी गोम कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिनांत असते. रबरी टोपी फाटली की खारी दमट हवा आत जाऊन पिन जाम होते. मग आतला पॅड संपतो आणि बाहेरचा निम्मा उरतो. बाहेरून डोकावणाऱ्याला बाहेरचाच दिसतो, म्हणून तो ‘अजून चालतील’ म्हणतो. पिना काढून पुसा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावा. साध्या ग्रीसने टोपी फुगते आणि पिन पुन्हा अडकते. मेस्त्री घाईत असेल तर पॅड बदलून देतो, पिनेला हात लावत नाही.

घाटउतार

पिनेचा मुद्दा मान्य. मग ब्रेक ऑइलचं काय? त्यावर अजून कोणी बोललेलं नाही, आणि घाटात तेच दगा देतं. हे तेल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ प्रतीचं तेल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषलेलं १५५ ला. डॉट ३ ची हीच मर्यादा २०५ आणि १४०. आंबा घाटात तिसऱ्या-चौथ्या गियरात ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर कॅलिपर तापतो, तेलात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दबतो आणि पॅडल खाली जातं. जुनी म्हण बरोबर आहे: ज्या गियरात चढलात त्याच गियरात उतरा. तेल मात्र दर दोन वर्षांनी बदलाच.

ते घरी बदलताना दोन चुका हमखास होतात. गेल्या वर्षी फोडलेला अर्धा डबा वापरणं, म्हणजे ओलसर तेलाच्या जागी ओलसर तेल. आणि ब्लीडिंग करताना, म्हणजे नळ्यांतलं जुनं तेल आणि हवा काढताना, बाटली रिकामी होऊ देणं. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या) युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. मग टोईंगचं भाडं धरा. कणकवलीहून कोल्हापूर.

जिल्हा परिषद कॉलनी

वॉरंटीतल्या गाडीबद्दल एक. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल. बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, हेही त्यात होतं. त्यामुळे ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली’ हे काउंटरवरचं वाक्य ऐकून लगेच घाबरू नका.

भोस्तेचढ

त्या निकालाविरुद्ध अपिलं झाली, हेही सांगा. शिवाय तुमच्याच कामामुळे बिघाड झाला तर कंपनी तो भाग नाकारणारच. घरी ऑइल बदललं तर डब्यांच्या पावत्या, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. वॉरंटी असेपर्यंत मी तरी सर्व्हिस सेंटरच म्हणेन.

माजघर

अरे बाबांनो, सगळे पैशाचो हिशोब मांडतत, पण उंदराचो हिशोब कोण धरतलो? पावसात चार दिस गाडी उभी ऱ्हवली की बॉनेटखाली उंदीर घर करतत. वायरिंगचो एक जुडगो खाल्ल्यानी तर ऑइलची धा वर्षांची बचत गेली. रोज सकाळी बॉनेट उघडून बघूक होया, आणि रात्री उघडाच ठेवलास तर आणखी बरा, उघड्यार ते बसणत नाय. तेका खय गॅरेज लागता?

खाडीकाठ

हे खरं. त्याला जोडून: चार दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पावसात हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या ड्रमला आतले ब्रेक शू गंजाने चिकटतात. सपाट जागी पहिला गियर आणि चाकाला पाचर. चिकटलेच तर इंजिनाच्या जोरावर ओढू नका, अस्तर सुटून येतं. चाक काढा आणि ड्रमच्या कडेवर लाकडी हातोड्याने सगळीकडून ठोका.

भोस्तेचढ, टॉर्क पान्याचा हिशोब मान्य. तो वाडीत चार जणांत एक घ्यावा, वापर झाला की स्प्रिंग सैल करून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावा.

भोस्तेचढ

चार जणांत घेतलेला पाना पाचव्याच्या घरी सापडतो. बाकी, निथळलेल्या साडेतीन लिटर काळ्या ऑइलचं काय करणार ते अजून कोणी सांगितलेलं नाही. घुणाला म्हणून वाशांना फासून संपत नाही तेवढं.

खाडीकाठ

जुन्याच कॅनमध्ये भरून त्याच मेस्त्रीकडे नेऊन द्यायचं. त्याच्याकडे ते गोळा करणारा येतो.

भोस्तेचढ

म्हणजे गॅरेजला जाणं आलंच.