आईला शुश्रूषा केंद्रात ठेवण्यापूर्वी नेमके काय पाहावे?

शहापूरचा धाकटा :
सर्वांना नमस्कार. माझी आई ८१ वर्षांची असून ती बेळगावातल्या शहापूरला आमच्या जुन्या घरात राहते. वडील होते तोवर दोघांनी मिळून माग चालवला. गेल्या दिवाळीनंतर तिला अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली आणि त्यानंतर विस्मरणही वाढत चालले आहे. मी पुण्यात नोकरीस आहे. तिला तिकडे नेऊन पाहिले, परंतु चौथ्या मजल्यावरच्या घरात आठवड्याभरातच तिची अन्नावरची वासना उडाली. बेळगावात दिवसाला एक आणि रात्रीला एक अशा दोन बायका ठेवल्या आहेत, पण रात्रीची बाई वरचेवर न सांगता गैरहजर राहते आणि शेजारच्या वहिनींना किती दिवस उठवायचे, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की बाळंतपणाचे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. मला हवे आहे ते अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना कायमचे ठेवून घेणारे केंद्र. अशा दोन जागा मी पाहिल्या, एक शहरातली आणि दुसरी खानापूर रस्त्यावरची. पहिली चकचकीत आहे, दुसरी साधी कौलारू. दोन्हीकडे “आम्ही घरच्यासारखी काळजी घेतो” एवढेच सांगितले आणि त्यावर पुढे काय विचारावे हे न सुचल्याने मी तसाच परतलो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त सिस्टर :
माझी तेहतीस वर्षे वॉर्डात गेली आहेत, तेव्हा थोडे विस्ताराने लिहिते. इमारत पाहूच नका असे मी म्हणणार नाही. न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, रात्री दिवा असतो का आणि हाक मारायची घंटा रुग्णाच्या चांगल्या हाताच्या बाजूला, म्हणजे तुमच्या आईच्या बाबतीत उजवीकडे, ठेवलेली असते का, हे बघायलाच हवे, पण ते काम पाच मिनिटांचे आहे. उरलेला वेळ तिथे खाटेवर पडून असलेल्या रुग्णांच्या टाचा बघण्यात घालवा.

ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्या माकडहाडावर, खुब्यांवर आणि टाचांवर सतत भार पडून तिथला रक्तपुरवठा अडतो. सुरुवातीला नुसता लालसर डाग दिसतो. त्यावर बोटाने हलके दाबून सोडावे. डाग क्षणभर फिका पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ गेलेली नाही, पण दाबूनही तो तसाच लाल राहिला तर आत इजा सुरू झाली आहे असे समजावे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, गार किंवा टणक लागते का, हे हाताने चाचपून पाहावे. कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलतात. हवेची गादी आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही, शिवाय वीज गेली की त्या गादीचा पंप बंद पडतो, हे आपल्याकडच्या पावसाळ्यात विसरून चालणार नाही. जनरेटर आहे का, असे विचारण्यापेक्षा तो तुमच्यासमोर चालू करून दाखवायला सांगा.

दुसऱ्याच्या रुग्णाला हात लावू देणार नाहीत आणि देऊही नये, परंतु पांघरुणाबाहेर आलेले पाय दिसतातच. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवलेली असेल, तर तिथे काम जाणणारे कोणीतरी आहे. नाकातल्या नळीने अन्न देतात तेव्हा डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच केलेली हवी आणि नंतरही निदान अर्धा तास ती खाली करू नये, नाहीतर अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याची भीती असते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली असावी, मात्र जमिनीला टेकलेली नसावी. निम्म्याहून अधिक खाटांना अशा पिशव्या लटकलेल्या दिसल्या, तर त्या रुग्णांच्या गरजेसाठी आहेत की माणसे अपुरी पडतात म्हणून, याची शंका मला तरी येते.

एक प्रश्न आवर्जून विचारा, तो म्हणजे वजन दर महिन्याला करता का. पन्नास किलोच्या बाईचे एका महिन्यात अडीच किलो कमी झाले तर ती जेवत नाही, किंवा तिला कोणी भरवत नाही, किंवा काही दुखणे आहे, आणि तिन्हींपैकी काय ते शोधावेच लागते.

खानापूरकर :
सिस्टरनी लिहिले ते सर्व खरे आहे. मी त्यात फक्त भाषेची भर घालतो, कारण आपल्या भागात ती औषधाइतकीच महत्त्वाची आहे. माझ्या वडिलांना ज्या ठिकाणी ठेवले होते, त्याचे नाव मी लिहिणार नाही. वडील तरुणपणी उत्तम कानडी बोलत, बाजारात त्यांचे कोणाशी अडत नसे. पण स्मृती गेली तशी आधी कानडी गेली आणि शेवटी लहानपणचे घरगुती मराठी तेवढे उरले. एका दुपारी ते “मोरीत, मोरीत” म्हणत होते आणि तिथला पोरगा त्यांना पुन्हापुन्हा पाणी पाजत होता. पोरगा वाईट नव्हता, त्याला शब्द कळत नव्हता. अंथरूण ओले झाले की वडील चिडत, हात उगारत, आणि त्यावर ‘आजोबा मारकुटे आहेत’ असा शेरा पडून रात्री झोपेची गोळी सुरू झाली. हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळले, तेही ते दुपारी बारापर्यंत झोपलेले का दिसतात म्हणून मी खोदून विचारले तेव्हा.

त्यानंतर आम्ही एका पुठ्ठ्यावर वीस शब्द लिहून खाटेशी लावले. मराठी शब्द आणि त्यासमोर अर्थ कानडी लिपीत. दुखतंय म्हणजे नोवु, पाणी म्हणजे नीरु, मोरी म्हणजे बच्चलमने. आठ दिवसांत चिडणे पुष्कळ कमी झाले आणि डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. म्हणून रात्रपाळीला मराठी कळणारे कोण असते, हे नावानिशी विचारा. दिवसा कार्यालयात बसणाऱ्यांना मराठी येतेच, त्याचा आईला रात्री उपयोग नाही.

हिंदवाडी :
माझी बहीण अमेरिकेत अशाच एका संस्थेत काम करते. तिकडे १९८७ साली केंद्रीय कायदा झाला आणि २००८ पासून सरकार प्रत्येक संस्थेला एक ते पाच तारे देते. तपासणीचा अहवाल, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांची स्थिती, म्हणजे जखमा, पडझड वगैरे, या तीन गोष्टींवर ते ठरतात. गंमत अशी की कर्मचारी किती, हे पुष्कळ वर्षे संस्था स्वतःच भरून देत असत, आणि २०१६ पासून पगारपत्रकावरून आकडे घेण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे तारे नाहीत, पण त्यातला धडा घेता येतो. ‘दहा माणसे आहेत’ असे कोणी म्हणाले, तर या महिन्याचे हजेरीपत्रक पाहू का, असे विचारावे, आणि रविवारी संध्याकाळी न कळवता जाऊन डोकी मोजावीत.

चिकोडीचा कारकून :
कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहितो. वैद्यकीय उपचार देत असल्याचे सांगणाऱ्या केंद्राकडे कर्नाटकच्या २००७ च्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालील नोंदणी आहे का, ते विचारा. नुसता वृद्धाश्रम असेल तर तो वेगळा विषय आहे आणि तिथे ‘आमच्याकडे डॉक्टर असतात’ याचा अर्थ आठवड्यातून एकदा येतात, असाही असू शकतो. करारपत्र बहुधा कानडीत किंवा इंग्रजीत असते, ते जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. अनामत परत कधी मिळणार आणि रात्री दोन वाजता धाप लागली तर जिल्हा रुग्णालयात किंवा के.एल.ई.च्या रुग्णालयात सोबत कोण जाणार, हे त्यात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाला अशा वेळी काही किंमत नसते. तक्रारीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आहे.

शहापूरचा धाकटा :
सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी संध्याकाळी साडेसातला न कळवता दोन्हीकडे जाऊन आलो.

शहरातल्या जागी आधी पंधरा मिनिटे बाहेर बसवले. आत कूस बदलण्याची नोंदवही मागितली, ती लगेच दाखवली आणि अक्षरही सुरेख होते. पण साडेसात वाजले असताना आठच्या आणि दहाच्या रकान्यात सह्या आधीच झालेल्या होत्या. मी काही बोललो नाही. दोन्ही वॉर्ड मिळून मला एकच मावशी दिसली.

खानापूर रस्त्यावर एक बाई एका आजीला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होती. आजी तोंड मिटून बसली की ती थांबायची, तिच्याशी माहेरच्या गावाबद्दल मराठीत बोलायची आणि मग पुन्हा चमचा पुढे करायची. मी उभा होतो तेवढ्या वेळात निम्मी वाटीसुद्धा संपली नव्हती आणि तिला घाई नव्हती. त्यांच्या वहीत खाडाखोड फार, एका ठिकाणी ‘चार वाजता आजी नको म्हणाली, पाचला वळवले’ असे लिहिलेले. टाचांखाली उशा होत्या, काहींच्या नुसत्या घड्या घातलेल्या चादरी. जनरेटर चालू करून दाखवला, तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाला. हजेरीपत्रकाप्रमाणे रात्री सोळा जणांमागे दोघी असतात, हे मला कमी वाटते आणि तसे मी त्यांना म्हणालोही. त्यांनी ते नाकारले नाही.

वजनकाटा मात्र तिथे नाही. सिस्टर, मी एक काटा विकत घेऊन दिला तर ते योग्य दिसेल का?

निवृत्त सिस्टर :
अवश्य द्या, पण उभे राहायचा घेऊ नका, खुर्चीचा घ्या. तुमच्या आईला उभे करून वजन करायला गेले तर दोघींपैकी एक पडेल. आणि पहिले वजन ती तिथे जाईल त्याच दिवशी, तुमच्यासमोर करून वहीत लिहून घ्या.