‘वंगण घालणे’ की ‘ग्रीस बदलणे’? ट्रेलरच्या बेअरिंगसाठी योग्य शब्द कोणता

प्रश्न (फैजपूर, ता. यावल)

मळ्यावर येणाऱ्या पाहुण्यांच्या सोयीसाठी आम्ही जीपमागे ओढायचा एक छोटा प्रवासी ट्रेलर घेतला आहे. त्याच्या देखभालीची इंग्रजी पुस्तिका आमच्या माणसांना वाचता यावी, म्हणून मी ती मराठीत उतरवत आहे. चाकांच्या प्रकरणात दोन शब्दांपाशी अडलो आहे. बेअरिंगला कोशात ‘धारवा’ असा प्रतिशब्द दिलेला आहे. तो वापरावा का? दुसरे असे की, दर १२ महिन्यांनी किंवा १२,००० मैलांनी (सुमारे १९,००० किलोमीटर), यांपैकी जे आधी येईल तेव्हा बेअरिंग ‘रिपॅक’ करावे, अशी सूचना आहे. येथे ‘पुन्हा वंगण घालावे’ असे लिहिल्यास अर्थ पूर्ण उतरतो का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (धुळे)

‘धारवा’ हा शब्द चांगला घडवलेला आहे. जो फिरत्या दांड्याला धारण करतो तो धारवा. मराठी विश्वकोशात या शीर्षकाची स्वतंत्र नोंदही आहे, आणि त्या विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे आपल्या धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचे. तरीही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अनेक वर्षे शिकवताना मी फळ्यावर ‘धारवा’ लिहिला की मुले वहीत ‘बेअरिंग’च लिहीत, आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नसे, कारण दुकानात सुटा भाग मागायला गेल्यावर धारवा कोणी काढून देत नाही. आपली पुस्तिका काम करणाऱ्या माणसाच्या हातात जाणार आहे, तेव्हा ‘बेअरिंग’ ठेवावे.

खरा प्रश्न दुसऱ्या शब्दाचा आहे. ‘वंगण घालणे’ हा वाक्प्रचार बैलगाडीच्या चाकाबरोबर वाढला आहे. त्या चाकात बेअरिंग नसते. लाकडी तुंब्याच्या आत बसवलेली लोखंडी नळी आखावर, म्हणजे चाकाच्या दांड्यावर, सरळ घासत फिरते. खीळ काढायची, चाक थोडे बाहेर ओढायचे, उघड्या पडलेल्या आखावर वंगण चोपडायचे आणि चाक परत आत लोटायचे, एवढे काम असे. जुने वंगण पुसून काढले नाही तरी फारसे बिघडत नसे, कारण ते दोन्ही टोकांनी आपोआप बाहेर येई. म्हणून या क्रियापदात ‘वरून भर टाकणे’ एवढाच अर्थ आहे, ‘जुने काढणे’ हा अर्थ त्यात मुळातच नाही. एखाद्या कचेरीत अडलेले काम हलवण्यासाठी ‘वंगण घालावे लागले’ असे आपण म्हणतो, तेव्हाही वरून काहीतरी घालणेच अभिप्रेत असते.

ट्रेलरच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रचना याच्या नेमकी उलट, बंद असते. आत समोरासमोर तोंडे करून बसवलेली दोन टेपर रोलर बेअरिंगे असतात, बहुधा आतले मोठे आणि बाहेरचे लहान. रोलर निमुळते असल्यामुळे ती वरून येणारे वजन पेलतात आणि वळणावर आडवा पडणारा दाबही घेतात. असे बेअरिंग हेन्री टिमकेन या अमेरिकन घोडागाडी-उत्पादकाने १८९८ साली पेटंट केले, ते वाहनांच्या चाकांना वळणावर पडणाऱ्या या आडव्या दाबाच्या अडचणीवर उपाय म्हणूनच. हबच्या आतल्या अंगाला रबरी सील असते, बाहेरच्या अंगाला टोपी असते, आणि त्यामुळे एकदा भरलेले ग्रीस आतच राहते. तसेच झिजलेल्या धातूचा कीस आणि सीलमधून शिरलेले पाणीही आतच राहते. वर्षाने त्यावर नवे ग्रीस घातले, तर कीस आणि पाणी त्या नव्या ग्रीसमध्ये कालवले जातात, दुसरे काही होत नाही.

‘रिपॅक’मध्ये पुढील सर्व गोष्टी येतात: चाक आणि हब उतरवणे, दोन्ही बेअरिंगे बाहेर काढून रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये स्वच्छ धुणे, पूर्ण कोरडी करणे, रोलर आणि बाहेरचे कडे उजेडात धरून तपासणे, नवे ग्रीस रोलरांच्या मधल्या प्रत्येक फटीत भरणे आणि सील नवीन बसवणे. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहावी. अरुंद बाजूने ग्रीसचे बारीक कोंब वर आले, की तेवढ्या रोलरांमध्ये ते भरले असे समजावे आणि बेअरिंग थोडे फिरवून पुढचा भाग घ्यावा. नुसते वरून लिंपलेले बेअरिंग दिसायला तसेच दिसते, आणि आत कोरडे राहते.

माझी सूचना ‘ग्रीस बदलणे’ अशी आहे. मोटारसायकलचे ‘ऑइल बदलले’ म्हटले की जुने काढून टाकले आहे, हे कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. तीच समजूत येथे आयती मिळते.

पुरवणी (अमळनेर)

सरांनी ‘आख’ शब्द वापरला, म्हणून थोडी भर घालतो. संस्कृत ‘अक्ष’पासून आलेला हा शब्द आमच्याकडच्या गाडीवानांच्या तोंडी अजून आहे. ग्रांथिक मराठीत ‘आस’ लिहितात, पण तिथे ‘आशा’ या अर्थाच्या ‘आस’शी घोटाळा होतो, आणि ‘धुरा’ म्हणावे तर शेताच्या बांधालाही काही भागांत धुराच म्हणतात. पुस्तिकेत ‘आख’ लिहावे असे माझे मत आहे. अहिराणीत ‘ण’चा ‘न’ होत असल्याने वंगणाचे ‘वंगन’ होते, आणि ग्रीसला जुनी माणसे ‘गिरीस’ म्हणतात.

जुने वंगण म्हणजे एरंडेलात राख किंवा काजळी कालवून केलेला काळा लगदा. गाडीखाली टांगलेल्या नळ्यात तो भरलेला असे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास किंवा गावच्या यात्रेत आजही बारागाड्या ओढल्या जातात. एकामागे एक जुंपलेल्या बारा गाड्या माणसे वर बसलेली असताना भगताला ओढायच्या असतात, त्यामुळे त्याआधी आखांची निगा राखणे आलेच. तिथे ‘वंगण घालणे’ हाच शब्द शोभतो आणि तोच अचूकही आहे. रबरी चाकांच्या टायरगाडीपासून मात्र बेअरिंग आले, आणि क्रियापद तेच जुने राहिले. सरांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे.

वेगळे मत (भुसावळ)

‘ग्रीस बदलणे’ मान्य आहे, परंतु ‘पॅक’ शब्द अगदीच टाकू नये, असे रेल्वेच्या गावचा माणूस म्हणून वाटते. रोलर बेअरिंग येण्यापूर्वी मालडब्यांच्या एक्सल बॉक्समध्ये तेलात भिजवलेला सुताचा किंवा लोकरीचा बोळा ठासून भरत. त्या कामाला पॅकिंग म्हणत आणि ठरावीक मुदतीने ते काढून नवे भरण्याला रिपॅकिंग. जुने काढणे त्या शब्दात गृहीत होते. ‘हॉट एक्सल’ हा शब्दही इथल्या घराघरांत माहीत आहे. बेअरिंग तापलेला डबा गाडीतून कापून बाजूला काढावा लागतो. ट्रेलरच्या पुस्तिकेतही ‘हब तापणे’ यावर एक वाक्य असावे, कारण बैलगाडीचा आख कोरडा पडला की कुरकुरून सांगतो, तर ग्रीसमधले बेअरिंग पुष्कळदा खूप उशिरा आवाज करते. त्याआधी ते तापते.

उपप्रश्न (फैजपूर)

सर्वांचे आभार. ‘ग्रीस बदलणे’ आणि ‘आख’ हे दोन्ही शब्द घेतो. आता आणखी दोन शंका आहेत. ट्रेलरच्या हबला ग्रीसगनचे निपल आहे. मग वरून ग्रीस भरणे चालणार नाही का? आणि ‘एंड प्ले’ला, म्हणजे चाकाला आखाच्या दिशेने राहणाऱ्या थोड्या मोकळिकेला, काय म्हणावे?

उत्तर (धुळे)

निपलच्या बाबतीत पुस्तिकेतील आकृती पाहावी. काही आखांना आतून छिद्र पाडलेले असते. त्यातून ग्रीस आधी सीलजवळ, मग आतल्या बेअरिंगमधून बाहेरच्या बेअरिंगकडे येते आणि जुने ग्रीस टोपीच्या बाजूने बाहेर पडते. अशा आखाला चाक हाताने फिरवत सावकाश ग्रीस भरता येते, आणि त्या कृतीला ‘ग्रीस भरणे’ म्हणावे. ज्या हबला नुसतेच मध्ये निपल आहे, तिथे जोराने पंप मारल्यास सीलचा ओठ उलटतो आणि ग्रीस ब्रेकच्या लायनिंगवर जाते. ब्रेक लागेनासा होईपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यातही वर्षातून एकदा बेअरिंगे बाहेर काढून पाहणे चुकत नाही, कारण रोलरवर पडलेले खड्डे, गंज किंवा तापल्याची निळसर झाक निपलमधून दिसत नाही. अशी खूण एका कड्यावर जरी आढळली, तरी रोलर आणि कडे ही जोडी एकत्रच बदलावी.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स प्रकारचे, एनएलजीआय या श्रेणीतील २ क्रमांकाच्या घट्टपणाचे असावे. ‘घट्टपणा’ हाच शब्द लिहावा, ‘जाडी’ नको. तो मापला जातो तो ग्रीसमध्ये शंकू किती खोल रुततो त्यावरून, आणि २ क्रमांकासाठी ती खोली २५ अंश सेल्सिअसला २६·५ ते २९·५ मिलिमीटर असते. वेगळ्या जातीचे ग्रीस एकमेकांत मिसळू नये, काही मिश्रणे पातळ होऊन वाहून जातात.

‘एंड प्ले’साठी ‘आखावरची सैल’ असे सुचवतो. पुस्तिकेत हे पुढीलप्रमाणे लिहिता येईल: “चाक हाताने फिरवत नट आवळावा, म्हणजे बेअरिंगे जागेवर बसतील, नंतर नट सैल करून हाताने टेकेल इतकाच फिरवावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी.” ही सैल मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, परंतु आकडा आपल्या आखाच्या पुस्तिकेतलाच घ्यावा. जमिनीवरून उचललेले चाक वरून आणि खालून धरून हलवल्यावर खडखडले, तर सैल जास्त आहे. नट फार आवळलेला असेल, तर चाक हलणार नाही, पण रस्त्यावर हब तापेल.

भर (भुसावळ)

तापण्याच्या वाक्यात एक दुरुस्ती सुचवतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हाच्या बाजूचा हब तसाही जास्त तापलेला असतो. म्हणून ‘हब गरम लागल्यास’ असे न लिहिता ‘एक हब दुसऱ्यापेक्षा उघडपणे जास्त तापलेला असल्यास, सावलीत थांबून पुन्हा पाहावे’ असे लिहावे. हात लावताना आधी जवळ धरून पाहावा, एकदम टेकवू नये.

आणखी एक गोष्ट पावसाळ्यासाठी. लांबून चालवत आणलेला ट्रेलर लगेच नाल्याच्या पाण्यात घातला, तर गरम हबमधली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. काळ्या मातीचा गाळ धुण्यासाठी सीलवर पाण्याचा जोराचा फवारा मारण्यानेही पाणी आत शिरते. अशा वेळी १२ महिन्यांची वाट पाहू नये, एवढे त्या वाक्याखाली जोडावे.

उपप्रश्नकर्ता (फैजपूर)

जोडले आहे. ‘सील’साठी मात्र मराठी शब्द शोधत बसलो नाही, ते ‘सील’च ठेवले.