घर बदलताना फुटलेली आणि वाचलेली भांडी : आपापले अनुभव सांगावेत

कर्वेनगरहून (धागा सुरू करणारी)

आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची असल्यामुळे गेले आठ दिवस मी माळ्यावरचे सामान खाली काढीत आहे. काल पत्र्याच्या ट्रंकेत, सासूबाईंच्या नऊवारी पातळाच्या घडीत, निळ्या काठाची एक बशी सापडली. १९९४ साली सदाशिव पेठेतला वाडा सोडताना सहा कपबशा एकात एक रचून, वरून गोधडी गुंडाळून, ते गाठोडे मांडीवर घेऊन मी स्वतः टेम्पोत बसले होते. तरीही नव्या घरी गाठोडे उघडले तेव्हा सहाही कप आणि पाच बशा फुटलेल्या होत्या, कारण कपात कप घालण्याचा शहाणपणा माझाच होता. सासूबाई तेव्हा एका शब्दाने बोलल्या नाहीत. उरलेली बशी त्यांनी अशी जपून ठेवली होती, हे मला तीस वर्षांनी कळले. या वेळी तसे होऊ द्यायचे नाही, म्हणून विचारते.

बिबवेवाडीहून

बशा आणि ताटल्या आडव्या रचू नयेत, हे प्रथम सांगतो. आडव्या थप्पीत वरच्या सगळ्यांचा भार तळच्या बशीवर येतो आणि टेम्पो गतिरोधकावरून आदळला की ती मधोमध तडकते. त्याऐवजी फडताळात पुस्तके लावावीत तशा त्या कडेवर उभ्या लावाव्यात. खोक्याच्या तळाशी चुरगळलेल्या कागदाचा चार बोटे जाड थर द्यावा, प्रत्येक बशी स्वतंत्र गुंडाळावी, आणि कपाच्या पोटात व कानाभोवती कागदाचे बोळे भरावेत. खोके बंद करण्यापूर्वी हलकेच हलवून पाहावे. आतून जरासाही आवाज आला तर ते पुन्हा उघडावे, कारण भांडी फुटतात ती बहुतेक वेळा आतल्या मोकळ्या जागेमुळे. मोठ्या खोक्याचा मोह टाळावा. बारा-पंधरा किलोंहून जड झालेले खोके हमाल उचलतो नीट, पण ठेवताना सोडून देतो.

नाना पेठेतून

आमच्याकडे मे महिन्यात घर हलवले. हापूसच्या रिकाम्या पेट्या आणि त्यातला पेंढा घरातच होता, त्यात काचेचे पेले भरले. एकही पेला फुटला नाही, पण पुढे आठ दिवस स्वयंपाकघरात आंब्याचा वास आणि चिलटे होती. पेंढा आधी उन्हात वाळवून घ्यावा, हे तेव्हा सुचले नाही.

वारज्याहून

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाचा अनुभव विचारात घेतला जाणार असेल तर लिहितो. नऊ वर्षांत ही माझी सातवी जागा आहे. माझे सगळे पेले लोकरीच्या मोज्यांत जातात, वाडगे टॉवेलांत जातात, आणि मिक्सरचे मूळ खोके मी बायकोच्या विरोधाला न जुमानता दर वेळी जपतो. एका स्थलांतर करून देणाऱ्या मंडळींनी विमा आहे असे तोंडी सांगितले होते. फुटलेल्या डिनर सेटची भरपाई मागितल्यावर मात्र मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यांना विमा लागू नसल्याची कागदावरची बारीक ओळ दाखवण्यात आली. तेव्हापासून मी ते कागद आधी वाचतो आणि टेम्पोत चढवण्यापूर्वी प्रत्येक खोक्याचे छायाचित्र काढून ठेवतो.

शनिवार पेठेतून

आमच्या आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात सापडली होती. पाणी ओसरल्यावर ती कोठीच्या कोपऱ्यात गाळात रुतलेली, दादरा बांधलेल्या स्थितीत मिळाली. लोणचे अर्थातच टाकून द्यावे लागले, परंतु बरणीला टवकाही गेला नव्हता. पुढे पन्नास वर्षे ती वापरात होती. मग आम्ही दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेलो, आणि माझ्या धाकट्या भावाने ती दादऱ्याच्या गाठीला धरून उचलली. गाठ सुटली. पुराला जे जमले नाही ते आमच्या घराने अठरा पायऱ्यांत करून दाखवले. बरणी नेहमी तळाला हात देऊनच उचलावी, आणि तिचे झाकण वेगळे गुंडाळावे.

औंधहून

बरणीवरून आठवले. लोणच्यासकट बरणी कोणी हलवू नये. तेल झिरपते आणि शेजारच्या खोक्यातली पुस्तके जातात. लोणचे स्टीलच्या डब्यात काढावे आणि फिरकीचे झाकण घट्ट लावून तो डबा स्वतःबरोबर न्यावा.

वर्तमानपत्राविषयीही एक सूचना आहे. छपाईची शाई चकचकीत पृष्ठभागावरून धुतली जाते, पण जुन्या कपांवर केसासारख्या बारीक रेघा पडलेल्या असतील तर त्यांत ती शिरते आणि मग निघत नाही. म्हणून आतला पहिला थर कोऱ्या कागदाचा असावा आणि रद्दी त्याच्या बाहेर यावी. बबल रॅप मी बोहरी आळीतून आणला होता. त्याचे फुगे भांड्याकडे यावेत असा गुंडाळला.

सिंहगड रस्त्याहून

न फुटणाऱ्या म्हणून घेतलेल्या ताटल्यांवर कोणी विसंबू नये. कडक केलेल्या काचेचा पृष्ठभाग आतून-बाहेरून ताणलेला असतो, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली असतो, त्यामुळे सपाट आदळली तर ताटली टिकते, पण कडेला नेमका फटका बसून तडा आतवर पोहोचला की क्षणात तुकडे तुकडे होतात. आमच्या एका ताटलीचे तुकडे दिवाळीच्या सफाईपर्यंत सापडत होते. कडांना दुहेरी कागद द्यावा.

बिबवेवाडीहून

काकू, ती निळ्या काठाची बशी या वेळी कोणत्या खोक्यात जाणार आहे?

कर्वेनगरहून

खोक्यात नाही. ती पातळासकट माझ्या पिशवीत राहील. बाकीच्या बशा तुमच्या सांगण्याप्रमाणे उभ्या लावल्या. हलवून पाहिल्यावर दोन खोक्यांतून आवाज आला, ती पुन्हा भरली.

कोथरूडहून

माझे सामान गेल्या रविवारी लागले. तीस रिकामी खोकी आणि पोतेभर चुरगळलेला कोरा कागद गॅलरीत पडून आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी कोणी नेला तर बरे होईल, कारण ओलसर झालेला पुठ्ठा तळातून सुटतो. दुपारी १ ते ४ मात्र येऊ नये.

कर्वेनगरहून

मला दहा खोकी हवी आहेत. चार वाजून पाच मिनिटांनी मुलाला पाठवते.