बेसमेंटमध्ये रेडॉन ११.४ आलाय, एप्रिलमध्ये सासू-सासरे येतायत

सोनचाफा
नमस्कार. आम्ही पेनसिल्व्हेनियात, अ‍ॅलनटाउनच्या दक्षिणेला राहतो. ऑगस्टमध्ये घर घेतलं, १९७८ सालचं. घाईघाईत रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या, फुप्फुसाचा कॅन्सर करू शकणाऱ्या किरणोत्सारी वायूची टेस्ट राहूनच गेली. जानेवारीत लायब्ररीत पत्रक दिसलं म्हणून दुकानातून टेस्टची, रेडॉन धरून ठेवणाऱ्या कोळशाची डबी आणली, चार दिवस बेसमेंटमध्ये ठेवली आणि पोस्टाने लॅबला पाठवली. काल उत्तर आलं : ११.४ पिकोक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) प्रति लिटर. इथे ४ किंवा वर आलं की दुरुस्ती करा म्हणतात.

रात्रभर डोळा लागला नाही. नवऱ्याचं ऑफिस खालीच आहे, रोज नऊ-दहा तास तो तिथे बसतो. एप्रिलमध्ये सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांची खोलीही आम्ही खालीच केलीय, नवा गालिचा घालून. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तीस वर्षं सिगरेट ओढली, आता सोडलीय.

दोन माणसं येऊन बघून गेली. एक म्हणतो, भेगा बुजवून वरून एपॉक्सी मारतो, ६०० डॉलर. दुसरा पाइप आणि पंखा बसवणार, १,४५०. कोणाचं ऐकू? नुसत्या खिडक्या उघड्या ठेवून चालणार नाही का? बाबा फोनवर म्हणाले, "आपल्याकडे असलं काही ऐकलं नाही बाई कधी." त्यांना काय सांगू तेही कळेना.

कंदील
डबी ठेवायच्या आधी १२ तास दारं-खिडक्या बंद होत्या का? आणि समप पंपाच्या (बेसमेंटखाली साचलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप) खड्ड्याला चिकटून तर ठेवली नव्हती?

सोनचाफा
बंदच होत्या, बाहेर बर्फ होता. खोलीच्या मध्यावर स्टुलावर ठेवली होती, भिंतींपासून लांब.

उंबरठा
मग आकडा खरा धरा. तरी आजच दुसरी डबी आणून ठेवा. पहिली टेस्ट ८ च्या वर गेली तर वर्षभराच्या टेस्टची वाट बघायची नसते, लगेच दुसरी छोटी टेस्ट करून सरासरी काढायची. एक डबी वरच्या मजल्यावरही ठेवा.

मी तुमच्याच बाजूला, बर्क्स काउंटीत चौदा वर्षं राहतेय. आम्ही पहिली सहा वर्षं टेस्ट केलीच नव्हती. शेजाऱ्यांच्या घरी १.९ आला होता, तेवढ्यावर आम्ही निर्धास्त राहिलो. आमच्याकडे १६ निघाला. ती सहा वर्षं आठवली की अजून पोटात खड्डा पडतो, मुलं तेव्हा खाली गाद्या टाकून झोपायची. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

शेजारच्या आकड्यावर कधीच जाऊ नये. इथून जवळच बॉयरटाउनला १९८४ च्या डिसेंबरात काय झालं ते इथल्या जुन्या लोकांना अजून आठवतं. स्टॅनली वॉट्रस नावाचे इंजिनियर लिमरिकच्या अणुवीज प्रकल्पावर कामाला होते. रेडिएशनचा अलार्म त्यांच्यासाठी वाजायचा, पण कामावरून बाहेर पडताना नाही, सकाळी आत शिरताना! म्हणजे ते घरूनच घेऊन येत होते. त्यांच्या घरात मोजलं तर सुमारे २,७०० पिकोक्युरी. घरातल्या रेडॉनकडे या देशाचं लक्ष गेलं ते तिथून.

आता भेगा बुजवण्याबद्दल. नुसतं तेवढं करून घेऊ नका. थंडीत घरातली गरम हवा वर चढते आणि छताकडून निसटते, तिच्या जागी घर खालून, जमिनीतून हवा ओढतं. काँक्रीट आणि भिंत यांच्यामधली फट, समपचा खड्डा, पाइपांभोवतीची भोकं, एक बुजवली तर ते दुसरीकडून ओढेल. शिवाय काँक्रीटला दर हिवाळ्यात नव्या भेगा पडतात. बुजवायचं ते पंख्याच्या जोडीला.

पंख्याची पद्धत अशी : काँक्रीटला भोक पाडून खालची खडी आणि माती उकरतात, त्यात ३ किंवा ४ इंची पीव्हीसी पाइप उतरवतात आणि पंख्याने खालची हवा सतत ओढून छपराच्या वर सोडतात. मग जमिनीखाली दाब कमी, घरात जास्त, हवा उलटी वर येत नाही. दोन गोष्टी अडून मागा. पंखा बेसमेंटमध्ये नको, माळ्यावर किंवा बाहेर हवा. आत असला आणि पुढचा पाइप कुठे गळला तर सगळा रेडॉन घरातच. दुसरी, समपला हवाबंद झाकण. पेनसिल्व्हेनियात हे काम करायला राज्याचं सर्टिफिकेट लागतं, त्याचा नंबर विचारा. ६०० वाल्यालाही विचारून बघा.

पंखा चोवीस तास चालतो. आमचा ६० वॅटचा आहे, महिन्याला ४३ युनिट जातात. खिडक्या उघडून आकडा उतरतो खरा, पण बंद केल्या की अर्ध्या दिवसात परत तिथेच. फेब्रुवारीत किती दिवस उघड्या ठेवाल?

आणि ताई, बाबांना या अवस्थेत खाली झोपवू नका. इथल्या पर्यावरण खात्याचा अंदाज असा की आयुष्यभर १० च्या पातळीत राहिलेल्या, कधीच सिगरेट न ओढलेल्या १,००० जणांत सुमारे १८ जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, ओढणाऱ्यांत सुमारे १५०. तुमचे मिस्टर सहा महिनेच बसलेत, तेवढ्याने घाबरून जाऊ नका. पण त्यांचं टेबल आज वर न्या.

दगडफूल
पुण्यात भूशास्त्र शिकवतो. तुमच्या सासऱ्यांना सांगा, त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. सातारा उभा आहे काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर, आणि त्यात युरेनियम फार कमी. तुमच्याकडे 'रीडिंग प्राँग' नावाचा जुन्या ग्रॅनाइट-नीस खडकांचा पट्टा आहे, रीडिंग गावापासून न्यू जर्सी ओलांडून न्यूयॉर्कपर्यंत गेलेला. त्यात युरेनियम जास्त. युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन. तो वायू असल्याने खडकातून सुटतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, ३.८ दिवस, तेवढ्यात तो घरात पोचतो. मुख्य इजा करतात ती त्याच्यापासून होणाऱ्या पोलोनियमची अणुकेंद्रं, श्वासातून फुप्फुसात बसून अल्फा कण सोडणारी. शिवाय साताऱ्याच्या घराला तळघर नाही आणि खिडक्या बाराही महिने उघड्या.

सोनचाफा
१६ मार्च. सगळ्यांचे मनापासून आभार. दुसरी टेस्ट १०.२ आली, वरच्या मजल्यावर ४.६. ६०० वाल्याने सर्टिफिकेटचा विषय काढताच फोन घेणं बंद केलं. दुसऱ्याकडून काम करून घेतलं, समपच्या झाकणासकट १,६००. भोकातून त्याने हाताने दोन बादल्या ओली खडी बाहेर काढली. आधी व्हॅक्यूम लावून, दूरच्या कोपऱ्यात धूर सोडून तो भेगेत ओढला जातो का ते बघितलं. तेव्हा मला पटलं की याला काम येतं.

पंखा सुरू झाल्यावर दोन दिवसांनी टेस्ट लावली : बेसमेंट १.१, वर ०.७. लॅबचा ईमेल मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि मग रडले.

पाइपवर काचेची यू आकाराची नळी आहे, आत लाल पाणी. दोन्ही बाजू समान पातळीवर आल्या तर पंखा बंद पडला असं समजायचं. बाबांना फोटो पाठवला. म्हणाले, "हे बघायचं काम माझ्याकडे दे, सकाळी चहाच्या आधी बघत जाईन." खोली खालीच ठेवलीय. वर्षभराच्या टेस्टची डबी त्यांच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवून तिच्यावर तारीख लिहिलीय.